काकासाहेबांच्या विहिरीवर मी नव्हते

मी कुऱ्हाड बोलते आहे. माझं बोलणं गोड नाही, ते आधीच सांगून ठेवते. सत्तेचाळीस वर्षं मी एका पोलीस ठाण्याच्या मागच्या खोलीत पडून होते. गळ्यात सुतळी आणि सुतळीला पुठ्ठ्याची चिठ्ठी. चिठ्ठीवर लिहिलेलं होतं, 'खुनात वापरलेले हत्यार. आरोपीने स्वतः काढून दिले.' वाक्यं दोनच, आणि दोन्ही खोटी.

त्या खोलीत ठेवलेल्या वस्तूला मुद्देमाल म्हणतात. गुन्ह्यात सापडलेली वस्तू. मी गुन्ह्यात सापडले नाही. मला गुन्ह्यात नेऊन ठेवलं.

ठाण्याचं नाव सांगणार नाही. एकाचं नाव घेतलं की बाकीची सुटतात.

माझा जन्म पडेगावच्या बाहेर, दौलताबादच्या रस्त्याकडेच्या भट्टीत झाला. पोलीस ॲक्शन होऊन दीड-दोन वर्षं झाली होती. तेव्हा आलेल्या फौजेची एक लॉरी रस्त्यात मोडून राहिली होती. लोकांनी हळूहळू तिचं सगळं नेलं. तिच्या कमानीचा, म्हणजे स्प्रिंगचा, एक पट्टा फकिरा लोहाराच्या हाती लागला. त्यानं तो तापवला, ठोकला, पाणी दिलं, आणि मी झाले. फकिरा गिऱ्हाइकांना सांगायचा, "ही पोलीस ॲक्शनची लेक हाये." फौज आली, तोफा आल्या, निजामाचं राज्य गेलं, आणि त्या सगळ्याला नाव मात्र पोलिसांचं. तेव्हा मला वाटायचं, पोलीस म्हणजे फार मोठी आणि फार न्यायाची गोष्ट असणार.

मला बिरूनं नेलं. बिरू मेंढरांच्या मागं फिरणारा, अंगानं काटक, बोलायला कमी. डोंगराच्या पायथ्याला त्यांची पाच-सहा घरांची वस्ती होती. त्यानं मला बाभळीचा दांडा बसवला आणि खांद्यावर घेतलं. माझं काम सोपं होतं. बाभळीच्या फांद्या तोडायच्या, मेंढरं पाला आणि शेंगा खायची. लांडगा आला तर बिरू मला दगडावर आपटून आवाज करायचा. तेरा-चौदा वर्षं मी त्याच्या खांद्यावर होते. त्या वर्षांत मी माणसावर कधी उगारले गेले नाही. एकदाही नाही.

त्याचं लग्न झालं, म्हाळसाबाई आली. ती धीट होती. बिरू जे बोलायचा नाही ते ती बोलायची. सरपण फोडायला ती मलाच घ्यायची आणि म्हणायची, "हिचा हात हलका हाये."

त्या भागात पोलीस म्हणजे एकच माणूस होता, मुंजाबा जमादार. पोलीस ॲक्शननंतर भरती झालेला. आधी हैदराबाद संस्थानचा पोलीस, मग मुंबई राज्याचा, मग महाराष्ट्राचा. राज्यं बदलली, बिल्ले बदलले, कागदावरची उर्दू जाऊन मराठी आली. मुंजाबा तोच राहिला. त्याच्याकडं वीसेक गावं होती आणि ती तो पायी फिरायचा. पारावर बसायचा, चहा प्यायचा, कोणाची सून माहेरी गेली, कोणाचा बैल विकायला निघाला, कोणाच्या घरी अचानक नवी सायकल आली, सगळं ऐकायचा. म्हातारी माणसं त्याला अजून निजामाच्या काळासारखं आमीनसाब, म्हणजे फौजदारसाहेब, म्हणायची. तो हसून म्हणायचा, "आमीन नाय मी, साधा जमादार हाये. आमीन म्हणून मला पाप लावू नका."

मुंजाबा देवमाणूस नव्हता, तेही सांगते. त्याच्या डोळ्यांसमोर गावठी दारू गळायची आणि तो मान फिरवायचा. दोन भावांत मारामारी झाली की दोघांना दोन शिव्या देऊन घरी पाठवायचा, कागदावर काही घ्यायचा नाही. एका बाईला नवरा मारायचा, ती दोनदा त्याच्याकडं आली, दोन्ही वेळा त्यानं तिला समजूत घालून परत धाडलं. त्याबद्दल मी त्याला माफ केलेलं नाही. पण कोणत्या गावात काय शिजतंय हे त्याला कळत होतं. माणसं त्याच्याशी बोलायची.

मग चौसष्ट सालचा पावसाळा आला. पेरण्या होऊन कोंब वर आले होते. एक दिवस बिरूची मेंढरं काकासाहेबांच्या शेतात घुसली. काकासाहेब गावातले मोठे जमीनदार. त्यांच्याकडं सांडू नावाचा गडी होता. विहिरीवर नवं ऑइल इंजिन बसवलं होतं, त्याची राखण सांडूकडं होती. सांडू आणि बिरूची बाचाबाची झाली. चार माणसांनी ऐकली. सांडू म्हणाला, "पुन्हा आलास तर मेंढरं कोंडीन." बिरू म्हणाला, "मुक्या जनावराला काय कळतंय बांध." एवढंच. बिरूनं मेंढरं हाकली आणि विषय संपला.

त्यानंतर आठ दिवसांनी सांडू मेला.

तो दिवस मला पक्का आठवतो. खुलताबादच्या उरुसाचे दिवस होते, रस्ता टांग्यांनी आणि बैलगाड्यांनी भरला होता. आदल्या दिवशी बिरू मला फकिराकडं टाकून गेला होता. माझं तोंड बोथट झालं होतं, नवं पोलाद लावायचं होतं. त्या दिवशी भर दुपारी मी भट्टीशेजारी पाटावर पडलेली होते. मुंजाबाला रस्त्यावर बंदोबस्त होता. तो सावलीला भट्टीपाशी आला, पाणी प्याला, आणि त्यानं मला उचलून तोललं.

"कोणाची रे ही?"

"बिरूची," फकिरा म्हणाला. "उद्या सकाळी नेतो म्हणलाय."

"चांगली हाये," मुंजाबा म्हणाला आणि त्यानं मला परत ठेवलं.

त्याच दुपारी, तिथून दोन कोसांवर, काकासाहेबांच्या विहिरीवर कोणीतरी सांडूच्या डोक्यात धारेचं हत्यार घातलं. कोणी घातलं ते मला माहीत नाही. मला एकच माहीत आहे, मी तिथं नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिरू मला घेऊन गेला. दुपारी म्हाळसाबाई दारात माझ्यानं सरपण फोडत होती, तेव्हा ठाण्यातले चारजण आले. त्यांनी बिरूला धरलं आणि एकानं म्हाळसाबाईच्या हातातून मला ओढून घेतलं. ती विचारत राहिली, "काहून नेता त्याला? काय केलं त्यानं?" कोणी उत्तर दिलं नाही. त्या दिवसापासून मी हे पुन्हा पुन्हा पाहिलं. ठाण्यातली माणसं प्रश्न विचारायला बसलेली असतात, उत्तर द्यायला नाही.

ठाण्यात मला आतल्या खोलीच्या कोपऱ्यात उभं केलं. तीन दिवस मी तिथं उभी होते. बाहेर पाऊस पडत होता, मी कोरडी होते. फकिरानं चोळलेलं तेलसुद्धा अंगावरून गेलं नव्हतं. आणि त्याच खोलीत त्यांनी बिरूला मारलं.

त्याचं वर्णन मी करणार नाही. एवढंच सांगते की उजव्या मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज बाभळीची वाळकी फांदी मोडल्यासारखा आला, आणि कागदावर लिहिलं गेलं, 'आरोपी पळून जाताना पडला.' मारणारे राक्षस नव्हते. मध्ये थांबून ते चहा प्याले. एकाची मुलगी आजारी होती, दुसऱ्यानं त्याला चांगला डॉक्टर सांगितला. मग पुन्हा सुरू केलं. मला राग याचाच येतो. राक्षस असते तर मी समजू शकले असते.

ठाण्याचे फौजदार नवे होते, शिकलेले, नाशिकहून ट्रेनिंग घेऊन आलेले. त्यांचे बूट चमकायचे, अक्षर मोत्यासारखं होतं. वरून रोज विचारणा होत होती, खुनाचा तपास लागला का. काकासाहेबांनी बिरूचं नाव घेतलं होतं. त्यांना खरंच तसं वाटत होतं, भांडण त्यांच्याच शेतात झालं होतं.

तिसऱ्या दिवशी मुंजाबा उरुसाच्या बंदोबस्तावरून परतला. त्यानं कोपऱ्यात मला पाहिलं आणि ओळखलं. तो सरळ फौजदारांच्या टेबलापुढं जाऊन उभा राहिला. दार उघडं होतं, मी सगळं ऐकलं.

"साहेब, ही कुऱ्हाड त्या दिवशी दुपारी फकिराच्या भट्टीवर होती. म्या हातात घेतली होती."

"सारख्या दिसणाऱ्या कुऱ्हाडी खूप असतात, जमादार."

"ही फौजेच्या लॉरीच्या पोलादाची हाये. आन साहेब, येताना मी विहिरीवर जाऊन आलो. इंजिनाचे पितळी भाग कोणी काढून नेलेत. दोन महिन्यांत आपल्या हद्दीत तीन विहिरींवर असंच झालंय. सांडूनं चोराला पाह्यलं असंल. पंचनाम्यात इंजिनाचा एक शब्द नाय."

 फौजदारांनी पेन खाली ठेवलं. ते ओरडले नाहीत. ते कधीच ओरडत नसत.

"बसा. तुम्हाला वाटतंय मी आंधळा आहे. मंगळवारी गावात दोनशे माणसं जमली होती. हातात काठ्या होत्या. मी बिरूला उचलून आणलं नसतं तर ती वस्ती जळाली असती, बायकामुलांसकट. आपलं काम आधी शांतता ठेवायचं आहे. ती मी ठेवली."

"शांततेसाठी आणला, ठीक हाये. सांभाळून ठिवायचा. मारला काहून? आन आता फासावर काहून लटकवायचा?"

"केस उभी राहिली आहे."

"साहेब, आपलं काम केस उभी करायचं हाये का माणूस शोधायचं?"

फौजदारांनी त्याच्याकडं पाहिलं. "पेन्शनला किती वर्षं राहिली, जमादार?"

 त्या संध्याकाळी माझा पंचनामा झाला. आरोपीनं पोलिसांपुढं दिलेली कबुली कोर्ट धरत नाही. पण आरोपीनं स्वतः पुढं होऊन लपवलेलं हत्यार काढून दिलं, तर ते धरतं. फौजदारांना हे पाठ होतं. म्हणून बिरूला हाताला फडकं बांधून विहिरीजवळच्या काटेरी कुंपणापाशी नेलं. मला आधीच पोत्यात गुंडाळून नेऊन कुंपणात टाकलं होतं. बिरूला म्हणाले, काढ. त्यानं डाव्या हातानं मला काढलं. दोन पंचांनी सह्या केल्या, त्यांना काय लिहिलंय ते वाचून दाखवलं नाही. मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं गेलं की तीन दिवस कुऱ्हाड कुंपणात पडून होती आणि रक्ताचे डाग पावसानं धुऊन गेले असावेत.

बिरूच्या डाव्या हाताची बोटं माझ्या दांड्याला चिकटली होती. त्याला मला सोडायचं नव्हतं. मी बोलू शकत असते तर.

पुढच्या महिन्यात मुंजाबाची बदली झाली, पार सोयगावच्या बाजूच्या एका औटपोस्टला. फौजदारांना तपास झटपट लावल्याबद्दल वरून शाबासकीचं पत्र आलं. ते काचेत बसवून भिंतीवर लागलं.

पंधरा महिन्यांनी जिल्ह्याच्या कोर्टात मला टेबलावर ठेवलं. बिरू कठड्यात उभा होता, मनगट वाकडं जुळलेलं. मागच्या बाकावर म्हाळसाबाई होती. दुसऱ्या टोकाला एक बारीक बाई तोंडाला पदर लावून बसली होती, सांडूची बायको दगडाबाई. ती बिरूकडं अशी बघत होती की मला धार असून भीती वाटली. तिला सांगितलं होतं, ह्यानंच तुझा नवरा मारला. तिनं का विश्वास ठेवू नये? खाकी कपड्यातल्या माणसानं सांगितलं होतं.

बिरूला वकील सरकारनं दिलेला होता, नवाच. त्यानं फौजदारांना मला दाखवून विचारलं, "तीन दिवस ही पावसात होती?"

"होय."

"मग हिच्यावर गंज का नाही?"

फौजदार म्हणाले, "कुंपण दाट होतं." कोर्टात कोणीतरी हसलं. फौजदारांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

फकिरानं साक्ष दिली. सरकारी वकिलानं त्याला तारखा विचारून गोंधळात पाडलं. तो बिचारा उरुसावरून दिवस मोजायचा, वकील कॅलेंडरवरून. तो खाली उतरला तेव्हा त्याचं म्हणणं कोणी धरलं आहे असं दिसत नव्हतं.

मग बिरूच्या वकिलानं मुंजाबाचं नाव पुकारलं. तो वर्दीत आला होता. सोयगावकडून एस.टी.नं, रजा टाकून. पोलिसानं पोलिसाच्या विरुद्ध आरोपीच्या बाजूनं साक्षीला उभं राहायचं, हे त्या कोर्टातल्या जुन्या कारकुनांनीसुद्धा पाहिलेलं नव्हतं. बाहेर व्हरांड्यात त्याच्याच ठाण्यातले दोघं त्याच्याकडं पाठ करून उभे होते.

वकिलानं मला त्याच्या हातात दिलं. 

"ओळखता?"

"व्हय. खुनाच्या दिवशी दुपारी ही फकिराच्या भट्टीवर म्या उचलून पाह्यली. आन पंचनाम्याच्या दिवशी सकाळी ही ठाण्यात कोपऱ्यात उभी होती. कुंपणात नव्हती."

सरकारी वकील उठला. "तुम्हाला बदलीचा राग आहे, म्हणून सांगताय?"

"राग हाये," मुंजाबा म्हणाला. "पण बदलीचा नाय."

न्यायाधीशांनी मान वर करून त्याच्याकडं पाहिलं. "मग कशाचा?"

"साहेब, वीस गावं मला दार उघडतात ती ह्या कपड्याला बघून. उद्या उघडणार नाईत."

बिरू सुटला. निकालात लिहिलं की हत्यार जप्त केल्याचा पुरावा विश्वास ठेवण्याजोगा नाही आणि कुऱ्हाड मूळ मालकाला परत करावी. म्हाळसाबाई रडली. बिरू रडला नाही, त्यानं वकिलाला विचारलं, "आता जाऊ का?"

आणि तेव्हा दगडाबाई उठली. कोर्ट उठायला लागलं होतं, खुर्च्या सरकत होत्या. ती मोठ्यानं बोलली नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"मंग माझ्या मालकाला कोणी मारलं?"

कोणीच तिच्याकडं पाहिलं नाही. सरकारी वकिलानं कागद बांधले. फौजदार आधीच निघून गेले होते. मला पोत्यात घालून परत ठाण्यात आणलं आणि मागच्या खोलीत टाकलं. खोटा आरोपी सुटला, म्हणून खरा शोधावा असं कोणाच्या मनात आलं नाही. फाईलवर शेरा पडला आणि फाईल दप्तरात गेली.

मुंजाबाची चौकशी लागली. बढती कायमची थांबली. तो जमादार म्हणूनच निवृत्त झाला. फौजदार मात्र चढत गेले. पुष्कळ वर्षांनी ते मोठे साहेब होऊन त्याच ठाण्याची तपासणी करायला आले, मुद्देमालाच्या खोलीत डोकावले, माझ्यावरून नजर गेली. त्यांनी मला ओळखलं नाही. बाहेर जाऊन त्यांनी नव्या पोरांना व्याख्यान दिलं, लोकांचा विश्वास कसा मिळवावा.

म्हाळसाबाई मला न्यायला तीनदा आली. एकदा साहेब नव्हते. एकदा म्हणाले, अर्ज लिहून आण. तिनं कोणाकडून तरी लिहून आणला, तर म्हणाले, कोर्टाची नक्कल जोड. चौथ्यांदा ती आली नाही. बिरूला मी तशीही उपयोगाची नव्हते, त्या हातात आता काठीसुद्धा नीट धरवत नव्हती. मेंढरं गेली. दुष्काळात म्हाळसाबाईनं रस्त्यावर खडी फोडली. बिरू घरी बसून राहायचा आणि खाकी कपडा दिसला की आत जायचा. एक दिवस तो झोपला तो उठलाच नाही. हे मला नंतर कळलं.

पण दगडाबाई येत राहिली. दर वर्षी, उरुसाच्या सुमाराला. माझी खोली ठाण्याच्या मागच्या अंगाला, खिडकी तुटकी. पुढचं सगळं ऐकू यायचं. ती एकच विचारायची, "सांडूच्या खुनाचं काय झालं?"

त्या एका प्रश्नावर मी पोलिसांच्या सगळ्या तऱ्हा पाहिल्या. एक फौजदार होते, त्यांचा नियम असा की आपल्या हद्दीत आवाज नको. ते म्हणाले, "झालं गेलं विसर, बाई. गावात पुन्हा वैर उकरू नको." आणि तिला गाडीभाडं देऊन वाटेला लावलं. त्यांच्यानंतरचे कायद्याचे पक्के. सायकलला दिवा नाही म्हणून चलन फाडणारे. त्यांनी तिचा अर्ज घेतला, शिक्का मारून पोच दिली, कलमं लिहिली. ती पोच घेऊन दगडाबाई किती खूश झाली होती, मला तिच्या आवाजावरून कळलं. पुढच्या वर्षी ती पोच घेऊन आली, तेव्हा ते बदलून गेले होते आणि तो अर्ज कुठं गेला कोणाला ठाऊक नव्हतं. मग एक गोड बोलणारे आले. 'पोलीस जनतेचा मित्र' असा बोर्ड त्यांनी लावला, गणपतीत शांतता समिती भरवली, म्हाताऱ्यांना खुर्ची द्यायची असा हुकूम काढला. त्यांनी दगडाबाईला खुर्ची दिली, चहा दिला, तिचं सगळं ऐकलं. फार हळहळले. आणि काहीही केलं नाही.

जीप आली, मग कोणी पायी फिरेना. वायरलेस आला. पारावर पोलीस बसेनासे झाले. गावात काय चाललंय हे त्यांना काही घडल्यावर फोनवरून कळायला लागलं. अशा ठाण्याला माणसं घाबरतात किंवा सलाम करतात. बोलत कोणी नाही.

एका वर्षी दगडाबाईबरोबर दुसरा आवाज ऐकला आणि माझं पोलाद गार पडलं. तो म्हाळसाबाईचा होता. जिच्या नवऱ्याला मारलं ती आणि ज्याच्यावर आळ आला त्याची बायको, दोघी ठाण्याच्या पायरीवर बसल्या होत्या. म्हाळसाबाई सांगत होती, "हिच्या मालकाचा खून झाला, माझ्या मालकाचा हात गेला. दोन्हीचा जबाब कोण देणार?" आतून हवालदार म्हणाला, "आजी, साहेब बंदोबस्ताला गेलेत." बंदोबस्त कसला, तर मंत्री यायचे होते. दोघी दुपारभर बसल्या आणि गेल्या. पुढची काही वर्षं दोघी येत होत्या. मग दोघींचंही येणं थांबलं.

दोन हजार अकरा साली मुद्देमालाची खोली रिकामी करायचा हुकूम आला. गंजलेल्या सायकली, दारूचे डबे, पंपाच्या फुटलेल्या मोटारी, आणि मी. काम आशाबाई नावाच्या हवालदार बाईंकडं आलं. इतरांनी सगळं भंगारात काढलं असतं. आशाबाईंनी माझी चिठ्ठी पुसली, वाचली आणि जुन्या दप्तरातून निकाल शोधून काढला. त्यात परत करायचा हुकूम त्यांना दिसला. ड्यूटी संपल्यावर त्या मला पिशवीत घालून स्कूटीवर वस्तीला घेऊन गेल्या. वस्तीच्या चहूबाजूंनी प्लॉट पडले होते.

खाकी पँट बघून म्हाळसाबाई उठून उभी राहिली. सत्तरीच्या पुढची, पाठ वाकलेली. आशाबाई खाली जमिनीवर बसल्या.

"आजी, बसा. भिऊ नका. तुमची कुऱ्हाड द्यायला आलेय."

म्हाळसाबाईनं मला हातात घेतलं. दांड्याला वाळवी लागली होती, अंग गंजून काळं झालं होतं. तिनं अंगठा फिरवून धार पाहिली. आशाबाईंनी कागद पुढं केला.

"इथं अंगठा द्या. मिळाली म्हणून."

म्हाळसाबाईनं अंगठा दिला. मग विचारलं, "आन दगडाबाईला काय दिलं?"

"कोण दगडाबाई?"

"सांडूची बायको. ज्याचा खून झाला त्याची."

आशाबाई गोंधळल्या. त्यांनी पूर्ण फाईल वाचली होती. त्यात पंचांची नावं होती, साक्षीदारांची होती, माझं मापसुद्धा होतं, पातं किती इंच आणि दांडा किती. दगडाबाईचं नाव कुठंच नव्हतं.

"ती केस बंद झालीय, आजी."

"तिला इचारून बंद केली का?"

आशाबाई कागदाची घडी करत राहिल्या. मग हळू म्हणाल्या, "कुठं राहतात त्या? मी भेटते."

"गेली ती. दोन साल झाले. मरताना बी तेच इचारत व्हती."

 जाताना आशाबाईंनी म्हाळसाबाईच्या पायाला हात लावला. त्या चांगल्या होत्या. चांगली माणसं त्या ठाण्यात मी आणखीही पाहिली. चांगुलपणानं त्यांना चहा पाजता आला, कुऱ्हाड परत देता आली. सांडूचा खून कोणी केला हे शोधायला लागते ती हिंमत. ती त्या इमारतीत माझ्यासमोर एकदाच उभी राहिली, आणि तिला सोयगावकडं धाडलं.

आज मी म्हाळसाबाईच्या दाराआड उभी आहे. तोडायला बाभळी उरल्या नाहीत, चारायला मेंढरं नाहीत. तिची नात कधी कधी मला नारळ फोडायला घेते. लोक म्हणतात, बघा, उशिरा का होईना न्याय झाला, वस्तू घरी आली. मी ऐकते आणि अंगावरचा गंजसुद्धा पेटल्यासारखा होतो. वस्तू घरी येणं म्हणजे न्याय नव्हे.

माझी तुमच्याकडं एकच मागणी आहे. पेपरात वाचाल, 'चोवीस तासांत आरोपी जेरबंद, हत्यार जप्त.' तेव्हा वाहवा करायची घाई करू नका. विचारा, हत्यार कुठं सापडलं, कोणी पाहिलं, पंच कोण. आणि ज्याचा माणूस गेला त्याला कोणी काही विचारलं का, हेही विचारा. तुम्ही विचारलं नाही तर ठाणं कधीच विचारणार नाही. ते आपण होऊन विचारत नाही, मी तिथं सत्तेचाळीस वर्षं राहिले आहे.

काकासाहेबांच्या विहिरीवरच्या इंजिनाचे पितळी भाग कोणी नेले, हे आजही कुठल्या कागदावर नाही. मारणारा कदाचित म्हातारा होऊन आपल्या अंथरुणात मेला असेल, नाहीतर अजून कुठंतरी नातवंडं खेळवत असेल. मला समजावू नका. मी रागात आहे, आणि मला तशीच राहू द्या.